सापळ्यात नर, बोंडात अळी



मागच्या बैठकीत एक कापूसवाला उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, कामगंध सापळ्यात रोज सकाळी पतंग सापडत होते. तरी बोंड फोडलं की आत अळी! मग सापळा टांगायचा कशाला?" प्रश्न रास्त आहे. शेतकीची पदवी घेतलेल्या माझ्यासारख्याला त्याचे उत्तर देणे भाग आहे.

सापळ्यातली गोळी म्हणजे मादीच्या गंधाची नक्कल. शेंदरी बोंडअळीच्या मादीचा हा गंध 1973 साली ओळखला गेला. त्या वासावर येतो फक्त नर. अंडी घालते मादी, आणि ती सापळ्याकडे फिरकतही नाही. शिवाय एक नर अनेक माद्यांना पुरतो. दहा पकडले तरी उरलेले काम भागवतात.

आता मादीचे बघा. आपल्या हिरव्या बोंडअळीची एक चुलत बहीण अमेरिकेत मक्याची कणसे खाते. रात्र झाली की या मादीच्या मेंदूखालच्या गाठीतून एक संप्रेरक सुटते आणि शेपटाकडची ग्रंथी गंध बनवू लागते. अशोक रैना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 साली त्या संप्रेरकाची घडण उलगडली. मीलन झाले की काही तासांत मादीचा गंध उतरतो. नराकडून वीर्याबरोबर आलेले एक प्रथिन गंध बनवण्याचे काम थांबवते, हे 1995 साली कळले. मीलनानंतर मादीच्या कित्येक जनुकांचे काम पालटते, असेही पतंगांच्या अभ्यासात दिसले आहे. नवरा मिळाला, हाकारा बंद. आता अंडी घालायची.

किडी वेगळ्या असल्या तरी आपल्यासाठी धडा एकच. मीलन उरकलेल्या मादीला तुमच्या गोळीशी काही देणेघेणे नाही. करायचे ते मीलनाआधी करायला हवे. अंड्यातून निघालेली अळी एकदा बोंडात शिरली, की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. मग औषधाचा पैसा वाया आणि कवडीचा कापूसही वाया.

म्हणून एकरी दोन सापळे ही राखण नव्हे, धोक्याची घंटा आहे. लागोपाठ तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले, की घंटा वाजली समजा. राखण करायची तर शेतभर तो गंध दरवळत ठेवावा लागतो, म्हणजे नराला मादीचा माग लागत नाही. ही पद्धत आज उपलब्ध आहे. पण ती दोन एकरांच्या तुकड्यावर चालत नाही. शेजारच्या वावरात मीलन करून आलेली मादी तुमचा बांध ओळखत नाही.

अमेरिकेने 2018 साली आपल्या कापसातून शेंदरी बोंडअळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. ते एका औषधाने झाले नाही. बीटी बियाणे, गंध, नापीक केलेले पतंग आणि वेळेवर नांगरट, सगळे एकत्र आणि सगळ्या मुलखात वर्षानुवर्षे चालले. आपल्याकडे मात्र बियाणे आले, बाकीचे कागदावर राहिले. 2017 साली बोंडे सडली तेव्हा दोष शेतकऱ्याच्या माथी आला.

फरदड घेऊ नका, हे मीही सांगतो. पण जिनिंगच्या आवारातल्या सरकीतून निघणाऱ्या पतंगांचे काय? ते कोणाच्या फरदडीचे? गोळ्या दिवाळीला वाटून काय उपयोग? पाती लागताना त्या हातात पडल्या पाहिजेत.

तेव्हा येत्या हंगामापूर्वी गावोगाव बैठका घ्या. अख्खे शिवार एकाच आठवड्यात सापळे लावील, पऱ्हाट्या वेळेत उपटील आणि जिनिंगवाल्यालाही आवार साफ ठेवायला लावील, असा ठराव करा. मग सरकारकडे वेळेवर गंध मागा. एकट्याच्या वावरातला सापळा नुसते नर मोजतो. अळी रोखायची तर शिवार एक व्हावे लागेल.