सिमेंटची कुंडी आणि वेरूळची छिन्नी

शाळेच्या बागेकरिता सिमेंटच्या कुंड्या, पाखरांच्या पाण्याची भांडी व वाटेवरच्या लाद्या मुलांनी स्वहस्ते कराव्यात, असे सुचविले म्हणजे काही पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. “मुलास शिकावयास पाठविले, गवंडीकामास नव्हे,” असे उद्गार आम्ही पुष्कळदा ऐकिले आहेत. ज्यांचे वडील गवंडीकाम करितात अशी मुलेही आमच्या वर्गांत बसतात. हे शब्द त्यांच्याही कानी पडतात. म्हणून या आक्षेपाचा विचार करणे अवश्य आहे.

वेरूळच्या आसमंतात राहणाऱ्यांनी तरी हस्तकामास हलके मानू नये. येथील ३४ लेणी हातांनीच कोरिली आहेत. कैलास लेणे तर माथ्याकडून पायाकडे खोदीत आणिले. एकदा उडविलेला दगड पुन्हा जागी बसविण्याची सोय नव्हती. असे काम विचारावाचून झाले, असे कोण म्हणेल? येथील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. तंतूंमुळे गिलावा एकजीव राहतो. फ्रान्समधील जोसेफ मोनिए नामक माळ्याने कुंड्या फुटू नयेत म्हणून सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घातली व १८६७ साली त्या युक्तीचे पेटंट घेतले. आज ज्या लोहयुक्त काँक्रीटचे पूल आपण पाहतो, त्याच्या पूर्वजांत एका माळ्याची कुंडी आहे!

कृती सोपी आहे. एक भाग सिमेंट व तीन भाग धुतलेली वाळू कोरडी कालवून मग बेताचे पाणी घालावे. पाणी अधिक झाल्यास माल कमजोर होतो. लहानमोठे दोन डबे तेल लावून एकात एक ठेवावेत, मधल्या जागेत माल ठासावा व तळाशी छिद्र राखावे. सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशी संयोग पावून कठीण होते. यास्तव दुसऱ्या दिवशी साचा काढून कुंडी निदान सात दिवस ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवावी. ओले सिमेंट कातडी भाजते व त्याची धूळ छातीस बाधते. म्हणून हातमोजे व नाकास फडके हवेच. झाड लावण्यापूर्वी कुंडी काही दिवस पाण्यात ठेवून ते पाणी बदलीत जावे, म्हणजे तिचा क्षार उतरतो.

मात्र या छंदास मर्यादा हवी. चुनखडी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवून सिमेंट होते, आणि मनुष्यव्यवहारातून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ८ टक्के या धंद्यातून निघतो. तेव्हा थोडेच करावे, पण टिकाऊ करावे. तसेच लेण्यांतील मूर्तींच्या नकला सिमेंटात ओतू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. जे कोरून झाले ते ओतून साधत नाही. कुंडीने कुंडीच असावे.

पालकांस आमची विनंती इतकीच, की येत्या सुटीत मुलांच्या हाती एक घमेले व थापी द्यावी. आणि शाळेत हे काम निघेल त्या दिवशी, माल किती ओला असावा हे सांगण्यासाठी गवंड्याच्या मुलास पुढे उभे करावे. त्या दिवशी वर्ग त्याच्यापासून शिकेल, व आम्हीही शिकू.