काटकसरीचे कीर्तन

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे दोन गोष्टींना ऊत येतो. एक फराळाच्या गप्पांना आणि दुसरा, गृहिणीला करावयाच्या उपदेशाला. यादी करूनच वाण्याकडे जा, तेल बेताने वापरा, तळण्याऐवजी भाजा, तूरडाळीत मसूर मिसळा! आता तर हे कीर्तन मोबाईलवरही अष्टौप्रहर चालू असते. कीर्तनकार बहुधा असे सद्गृहस्थ असतात, की स्वतःच्या घरातला मिठाचा डबा कोणत्या फळीवर असतो हे त्यांना ठाऊक नसते.

हा उपदेश खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो शिळा आहे. शिळ्या भाताला फोडणी द्यावी, शिळ्या पोळीचा कुस्करा करावा, आंबट ताकाची कढी करावी, चकल्या तळून उरलेले तेल आठवडाभर फोडणीला पुरवावे, हे आमच्या बायका कोणत्या लेखात वाचून शिकल्या? ज्या भाषेत दोडक्याच्या शिरांची चटणी आहे, त्या भाषेत काटकसरीवर लेख लिहिणे म्हणजे काशीत जाऊन गंगाजल विकणे होय.

खरा प्रश्न काटकसर संपते तेथून पुढे सुरू होतो. घरभाडे ठरलेले, शाळेची फी ठरलेली, मोटारसायकलचा हप्ता तर एक दिवसही थांबत नाही. हात आखडायला जागा राहते ती किराण्यात. त्यातही मुलांचे दूध कमी करवत नाही आणि यजमानांच्या डब्यातली भाजी कमी करणे बरे दिसत नाही. मग राहिले कोण? सर्वांची जेवणे आटोपल्यावर ती ताट घेऊन बसते, तेव्हा भाजीच्या कढईत मसाला तेवढा उरलेला असतो. वरण होते, पण ते रात्रीसाठी झाकून ठेवले आहे. एक पोळी, लोणच्याची फोड, आणि कोणी विचारलेच तर ठरलेले उत्तर, "मला आज भूकच नाही." ही भूक नेमकी महिनाअखेरीस कशी मरते, याचा विचार किती घरांतून होतो?

लग्नात माहेरची माणसे मुलीला अन्नपूर्णेची मूर्ती देतात. त्या अन्नपूर्णेची प्रकृती कशी आहे ते सरकारी पाहणीत छापलेले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ साली महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरांतील ४८ स्त्रियांना रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या पाहणीत ही संख्या ५४ वर गेली. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, सारा दोष महागाईच्या माथी मारण्याइतका मी भोळा नाही. परंतु जिच्या ताटातली डाळ-भाजी सर्वांत आधी कमी होते, तिच्या अंगात रक्त कोठून यावे?

आणि भाव का वाढतात? ती तेल सढळ हाताने ओतते म्हणून? देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. कच्च्या सोयाबीन, सूर्यफूल व पाम तेलांवरील आयात कर १४ सप्टेंबर २०२४ पासून एकूण ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेण्यात आला. लक्ष्मीपूजन तेव्हा सात आठवड्यांवर होते. सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून हे केले, असे सांगितले गेले. शेतकऱ्याला भाव मिळत असेल तर दोन चकल्या कमी खायला कोणाचीच ना नाही. पण हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना त्या हंगामात लातूरसारख्या बाजारातही सोयाबीन त्याहून स्वस्त गेले. इकडे तेल कडाडले ते कडाडलेच. मे २०२५ च्या अखेरीस कर १६.५ टक्क्यांवर आला, तोवर दिवाळीही झाली होती आणि संक्रांतही. असल्या महागाईवर तेल बेताने वापरण्याचा उतारा सांगणे म्हणजे छप्पर उडाल्यावर छत्री उघडण्याचा सल्ला देणे आहे.

आमच्या आयांना हे कळत होते. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर तिच्यात खांद्याला खांदा लावून होत्या, आणि हजारो बायका थाळ्या वाजवीत, लाटणी उगारीत रस्त्यावर उतरल्या. पदार्थ कसा पुरवावा हे त्यांना येत नव्हते थोडेच! पण भाव हा सरकारला विचारण्याचा प्रश्न आहे, स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन गुपचूप सोडवण्याचा नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. आज तो प्रश्न पुन्हा स्वयंपाकघरात कोंडला गेला आहे आणि आम्ही बाहेरून कडी लावून आत सूचना ओरडतो आहोत.

मोर्चा जेव्हा निघेल तेव्हा निघो. तोवर कीर्तनकारांनी दोन गोष्टी कराव्यात. महिन्याची यादी आणि पैसे घेऊन स्वतः वाण्याकडे जावे, आणि पैसे संपल्यावर यादीत काय उरले ते घरात सर्वांसमक्ष वाचावे. दुसरे असे, की घरातल्या सर्वांनी एकाच पंक्तीला बसावे, म्हणजे कढई कोणासाठी रिकामी राहते ते डोळ्यांना दिसेल. यावर एक आक्षेप हटकून येतो. ती आपल्याबरोबर बसली, तर तव्यावरच्या गरम पोळ्या कोण वाढणार?

मग गार खाव्यात.