'किती देते?' हा पहिला प्रश्न नसावा

जुनी गाडी दारात उभी राहिली की पाहायला येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "किती देते?" मग, "कितीला पडली?" आणि शेवटी, "विकताना किती येतील?" या तिन्ही प्रश्नांत गाडीत बसणारी माणसं कुठेच नसतात. लांबच्या महामार्गासाठी वापरलेली पेट्रोल हॅचबॅक घ्यायची असेल, तर हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ते शेवटी विचारायचे आहेत. आधी विचारायचं ते हे की, ताशी शंभरच्या वेगात काही बिघडलं तर ही गाडी माझ्या लेकरांना वाचवेल का?

मी भाषा शिकवणारा शिक्षक आहे, मेकॅनिक नाही. पण नात्यातल्या आणि शाळेतल्या मंडळींसोबत जुन्या गाड्या पाहायला अनेकदा गेलो आहे आणि तिथे काय विचारलं जातं, काय विचारलं जात नाही, हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून हे लिहितोय.

दहा वर्षांपूर्वी हा आग्रह कदाचित जास्तीचा वाटला असता. जालना, परभणी, बुलढाण्याकडच्या साध्या घरातली छोटी गाडी शाळा, बाजार, दवाखाना, फार तर सासुरवाडी एवढंच फिरायची. रस्ते असे की काटा साठच्या वर क्वचितच जायचा. आता समृद्धी महामार्ग झाला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता मिळाला. सपाट भागात कारला वेगमर्यादा ताशी १२० आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ती १०० आहे. रस्ता बदलला, वेग दुप्पट झाला. पण गाडी निवडण्याची आपली रीत अजून बाजारापर्यंत जाण्याचीच आहे.

रोखीचा व्यवहार आणि त्यातली खोच

आपल्या समाजात अनेक घरं व्याज नको म्हणून बँकेचं कर्ज घेत नाहीत. भिशी लागते, शेतातला थोडा पैसा येतो, भाऊ किंवा मेहुणा हातउसने देतो, असे तीन-चार लाख जमतात आणि गाडी रोखीने घेतली जाते. या निर्णयाबद्दल मला आदरच आहे. हप्ता नसलेल्या घरात रात्री झोप नीट लागते.

खोच पुढे आहे. हातात ठरलेली रक्कम असते आणि त्या रकमेत 'मोठी' गाडी हवी असते. मग दहा-बारा वर्षांची सेडान किंवा सात सीटची थकलेली गाडी घेतली जाते, कारण लग्नाला गेल्यावर ती दिसते. त्याच पैशात पाच-सहा वर्षांची, एकाच मालकाने वापरलेली हॅचबॅक येऊ शकते. ती दिसायला लहान असते. पण तिचे ब्रेक, तिचे पट्टे, तिची एअरबॅग सगळं अलीकडचं असतं. लांबच्या प्रवासासाठी मी दर वेळी ही दुसरी गाडी घ्यायला सांगेन.

मॉडेल नव्हे, साल आणि व्हेरियंट

"अमुक कंपनीची गाडी मजबूत असते," हे वाक्य अर्धवट आहे. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात बनलेल्या छोट्या गाड्यांची धडक-चाचणी केली. तीत एअरबॅग नसलेल्या पोलोला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. नाव तेच, चाकणचा कारखाना तोच. त्याच वर्षी एअरबॅग नसलेल्या अल्टो ८०० आणि स्विफ्ट यांनाही शून्यच मिळालं होतं. पुढे २०१८ मध्ये दोन एअरबॅगच्या नव्या स्विफ्टला दोन तारे मिळाले. २०२० च्या सुरुवातीला टियागोला चार आणि अल्ट्रोझला पाच.

यातून दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. २०१९ मध्ये सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग सर्व गाड्यांना सक्तीची झाली ती १ जानेवारी २०२२ पासून. त्याआधीच्या गाड्यांत हे सगळं व्हेरियंटवर अवलंबून होतं. म्हणजे २०१७ ची वरच्या व्हेरियंटची गाडी २०२० च्या अगदी तळाच्या व्हेरियंटपेक्षा सुरक्षित असू शकते. आरसीवर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं. नोंदणीची तारीख नव्हे, ते पाहा. मग डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंना एअरबॅगची खूण आहे का, ते पाहा.

किल्ली फिरवली की एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. तो विझत नसेल तर दोष आहे. तो पेटतच नसेल तर शंका आणखी मोठी: एअरबॅग कधीतरी उघडली, नवी बसवली नाही आणि दिवाच काढून टाकला, असंही होतं. दोन एअरबॅग आणि एबीएस नसलेली गाडी गावात फिरवायला चालेल. तिच्यात कुटुंब बसवून समृद्धीवर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेट्रोलच का, आणि इंजिन कोणतं

वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटरपर्यंत चालणाऱ्या घरासाठी जुन्या डिझेलपेक्षा पेट्रोल बरं. इंजेक्टर, टर्बो यांचा खर्च एकदा निघाला की डिझेलमध्ये वाचवलेले पैसे एका फटक्यात जातात. सीएनजीचं सिलिंडर डिकी खातं, आणि लांबच्या प्रवासात सामान तर न्यावंच लागतं.

इंजिन मात्र १.२ लिटरचं असावं. ८०० सीसीची गाडी शंभरला पोहोचते, पण पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन ट्रेलर ओलांडताना तिची दमछाक होते. ओव्हरटेक लांबतो आणि धोका तिथेच असतो. स्विफ्ट, ग्रँड आय१०, आय२० यांचं चार सिलिंडरचं १.२ इंजिन महामार्गावर शांत चालतं आणि त्यांचं काम कुठल्याही तालुक्याच्या गावात होतं. होंडा जॅझमध्ये मागची जागा आणि डिकी दोन्ही ऐसपैस. टियागो आणि अल्ट्रोझचं इंजिन तीन सिलिंडरचं, थोडं थरथरतं. पण सांगाडा भक्कम. पोलो वेगात रस्ता धरून ठेवते, मात्र तिचं साधं १.२ पेट्रोल इंजिन ७५ अश्वशक्तीचंच आहे आणि सुटे भाग महाग पडतात. ज्याला शांतपणा हवा त्याने एक घ्यावी, ज्याला सांगाडा महत्त्वाचा त्याने दुसरी. माझा कल सांगाड्याकडे आहे.

आता 'किती देते'चा हिशेब करू. वर्षाला १२,००० किलोमीटर धरा. एक गाडी लिटरला १५ देते, दुसरी १८. पहिलीला ८०० लिटर लागेल, दुसरीला ६६७. फरक १३३ लिटरचा. लिटरला शंभर रुपये धरले तर वर्षाला तेरा हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला अकराशे रुपये. रक्कम लहान नाही, मान्य. पण एअरबॅग असण्या-नसण्याची किंमत एवढीच असेल, तर ती महाग म्हणता येणार नाही.

शिवाय मायलेजचे जुने आकडे आता तसेही खरे राहिलेले नाहीत. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं होतं की, १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचं मायलेज त्याने ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं. तेव्हा मालक जो आकडा सांगेल त्यातून थोडं वजा करा आणि इंधनाच्या रबरी नळ्या मिस्त्रीकडून तपासून घ्या.

चार टायर, चार आकडे

काँक्रीटचा रस्ता, मराठवाडा-विदर्भातला मे महिना आणि तासन्‌तास एकच वेग. अशा वेळी टायर फुटतो तो बहुतेकदा हवा कमी असल्यामुळे किंवा रबर म्हातारं झाल्यामुळे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत सतत दबते-उठते, तापते आणि शेवटी सुटते. लोक उलटं करतात. उन्हाळ्यात हवा वाढते म्हणून आधीच कमी भरतात.

टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचं रबर महामार्गासाठी नको. हॅचबॅकचे चार चांगले टायर साधारण सोळा ते वीस हजारांत येतात. हे पैसे गाडीच्या किमतीतच धरा. सौदा करताना तेवढे कमी करून मागा. रिमोल्ड टायर असतील तर ते बदलायचेच आहेत असं समजा. हवेचं प्रमाण चालकाच्या दाराच्या खांबावर लिहिलेलं असतं, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळं. ते टायर थंड असताना भरायचं. स्टेपनीही पाहा, डिकीतून ती पहिल्यांदा रस्त्यावरच बाहेर काढायची वेळ येऊ नये.

पाहणी गल्लीत नको

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहायला जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर कारण विचारा. कूलंटच्या डब्यात तेलाचा तवंग किंवा इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधट थर दिसला तर तिथूनच सलाम करून परत या. मग एसी लावून, चार माणसं बसवून हायवेवर न्या. ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतं का, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, तापमानाचा काटा चढतो का, हे गल्लीतल्या दोन फेऱ्यांत कळत नाही.

बॉनेटच्या नटांचा रंग उडाला असेल, डिकीत स्टेपनीखालचा पत्रा ठोकून सरळ केलेला दिसला, तर गाडी ठोकलेली आहे. सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहा. टोकाला मातीची रेघ असेल, सीटच्या पट्ट्यांना गंज असेल, तर ती पुरात बुडालेली असू शकते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूणमध्ये किती पाणी आलं होतं, ते आपण पाहिलं आहे. धुऊन-पुसून पॉलिश केलेली गाडी बाजारात कुठूनही येऊ शकते. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी सर्व्हिसच्या नोंदी मागा.

कागदांत आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आहे का, दंडाची ई-चलनं थकली आहेत का, हे आधी पाहा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन गाडी नावावर होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. विकणारा ओळखीचा, मशिदीत रोज भेटणारा, नात्यातला असला तरी हे सगळं करा. विकणाऱ्याने ऐब सांगून विकावं हे त्याचं कर्तव्य. पारखून घेणं हे आपलं. त्यात कुणी कुणाचा अपमान करत नाही.

मागच्या सीटवर कोण बसतं?

सगळं पाहून घेतलेल्या गाडीतही एक गोष्ट राहते. पुढचे दोघे पट्टा लावतात, तोही चलनाच्या भीतीने. मागे अम्मी, बायको, मुलं मोकळीच. सायरस मिस्त्री सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ अपघातात गेले तेव्हा ते महागड्या गाडीच्या मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. तेव्हा गाडी पाहताना मागचे पट्टे सीटखाली दाबून टाकलेले नाहीत ना, ते लॉक होतात ना, हे तपासा. बुरखा किंवा ओढणी असली तरी पट्टा वरून नीट लागतो. खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर टेकला पाहिजे, पोटावर नको. तान्हं बाळ पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसणं तर पूर्ण बंद करा. एअरबॅग मोठ्या माणसाला वाचवते. मांडीवरच्या बाळाच्या मात्र ती जिवावर उठते.

यावर एक उत्तर हमखास येतं, "जे नशिबात असेल ते होईल." उंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपल्या घराघरांत माहीत आहे. दोरी न बांधता भरवसा ठेवणं याला तवक्कुल म्हणत नाहीत, हेही माहीत आहे. गाडीच्या बाबतीत दोरी म्हणजे चार चांगले टायर, चालणारी एअरबॅग आणि लावलेला पट्टा.

उर्दूतला 'अमानत' हा शब्द मराठीत 'अनामत' होऊन आला आणि बँकेच्या पावतीवर जाऊन बसला. मूळ अर्थ, दुसऱ्याने विश्वासाने आपल्या हाती सोपवलेली वस्तू. ईदच्या आदल्या रात्री गावाकडे निघालेल्या गाडीत मागे झोपलेली मुलं ही चालकाच्या हातातली अमानतच असते. त्यांना गाडी किती देते याच्याशी काही देणंघेणं नसतं. म्हणून या वर्षी कुणी जुनी गाडी घेत असेल आणि तुम्हाला सोबत नेलं, तर बॉनेट उघडण्याआधी मागचं दार उघडा आणि पट्टा ओढून पाहा. किमतीचं बोलणं त्यानंतर सुरू होऊ दे.