लांडगा, वेताळ आणि अनोळखी माणूस

हल्ली आपल्या मुलांच्या तोंडी भेडियाचे नाव वारंवार ऐकू येते. २०२२ साली 'भेडिया' नावाचा हिंदी चित्रपट आला. अरुणाचलच्या जंगलातून रस्ता काढायला गेलेल्या एका तरुणाला लांडगा चावतो, आणि मग तो तरुण रात्री स्वतःच लांडगा होऊन जंगल तोडणाऱ्यांवर धावून जातो, अशी त्याची कथा. पुढे २०२५ च्या दिवाळीत 'थामा' आला. त्यात रक्त पिणाऱ्या बेतालांचे कुळ आहे. नायकही बेताल होतो आणि हाच भेडिया मध्येच येऊन त्याच्याशी झुंज घेतो. 'थामा'चे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी आहेत. त्यांनीच २०२४ साली कोकणातल्या मुंज्यावर चित्रपट काढला होता. म्हणजे ज्या मुलखातून आपले पणजोबा जहाजात बसले, त्या मुलखाची भुतेही आता पडद्यावरून आपल्या घरी आली आहेत.

काही पालक आम्हांला विचारतात की, गुरुजी, असले चित्रपट मुलांना पाहू द्यावेत काय? रात्री झोपताना भितात, दिवा लावून ठेवा म्हणतात. आमचे मत असे की पाहू द्यावेत, पण एकट्याने नव्हे. घरातल्या मोठ्या माणसांनी शेजारी बसावे आणि पडदा बंद झाल्यावर थोडे बोलावे. बोलायचे काय, त्याविषयीच आजचा हा लेख.

पहिली गोष्ट भाषेची. वर्गात 'भेडिया' म्हटले की सगळे हात वर करतात. 'लांडगा' म्हटले की निम्मे हात खाली येतात. वास्तविक लांडगा आपल्या भाषेत चांगला मुरलेला प्राणी आहे. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट सांगून आपल्या आज्यांनी खोटे न बोलण्याचा धडा दिला. महाभारतातल्या भीमाला वृकोदर म्हणतात, म्हणजे लांडग्यासारखे पोट असलेला. ते नाव काही शिवी म्हणून दिलेले नाही. महाराष्ट्रात पुणे, सोलापूर, नगरकडच्या माळरानांवर धनगर मेंढरे घेऊन फिरतात आणि लांडगा त्यांच्या मागे मागे फिरतो. एखादे मेंढरू जाते. तरी धनगर आणि लांडगा पिढ्यान्‌पिढ्या एकाच माळावर राहत आले. १९७२ च्या भारतीय कायद्याने लांडग्याला संरक्षण आहे, आणि आता सबंध भारतात तो तीन हजारांच्या आसपासच उरला आहे असा अंदाज आहे. पडद्यावर अक्राळविक्राळ दिसणारा हा प्राणी प्रत्यक्षात माणसाला चुकवून, जीव मुठीत धरून राहतो.

वेताळाचेही तसेच. पाश्चात्य कथेत रक्तपिपासू हा केवळ दुष्ट. १८९७ साली ब्रॅम स्टोकरने 'ड्रॅक्युला' लिहिली तेव्हा रक्तपिपासू आणि लांडगा हे वैरीही नव्हते. तो सरदार स्वतःच लांडग्याचे रूप घेतो आणि लांडग्यांना हुकूम सोडतो. दोघांचे हाडवैर ही पुढच्या कथाकारांची आणि चित्रपटवाल्यांची करामत. आपल्या कोकणात आणि गोव्यात मात्र वेताळ हा गावाचा राखणदार आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठमोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाभोवती गस्त घालतो, म्हणून वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. रात्री हिंडणारा म्हणजे वाईटच, असे आपल्या पूर्वजांनी मानले नाही, हे मुलांना अवश्य सांगावे.

आता दुसरी गोष्ट. ती आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या बेटावर लांडगा कधी नव्हता, पण लूगारू आहे. तो शब्द फ्रेंचांबरोबर आला आणि क्रिओलीत राहिला. आज चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला १९९४ चे फेब्रुवारी-मार्च आठवत असतील. होलांडा वादळाने विजेचे खांब आडवे केले आणि गावेच्या गावे अंधारात गेली. त्या अंधारात 'तूनी मिनवी' जन्मला. मध्यरात्री उघड्या अंगाने येतो, अंगाला तेल लावलेले असते म्हणून हाती लागत नाही, घरात शिरून बायकांवर हल्ला करतो, पाठलाग केला तर कुत्रा होतो, अशा वार्ता एका गावातून दुसऱ्या गावात जात होत्या. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. पुरुषमंडळी काठ्या आणि ऊस तोडायचे कोयते घेऊन रात्रभर पहारा करीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पुढे वीज आली, घराघरांत दिवे लागले आणि तूनी मिनवी विरून गेला. कोणाच्या हाती तो कधी लागला नाही.

वाचकहो, कोयता घेऊन उभ्या असलेल्या त्या गर्दीसमोर एखादा पाहुणा, एखादा चुकलेला दारुडा, रात्रपाळीहून घरी निघालेला एखादा कामगार आला असता तर काय झाले असते? हा प्रश्न काल्पनिक नाही. १९९६ साली उत्तर प्रदेशात प्रतापगढ, जौनपूर, सुलतानपूर या भागांत लांडग्यांनी लहान मुले उचलली. मारणारा लांडगाच होता. पण गावोगाव अफवा उठली की हा लांडगा नव्हे, हा 'मनई' आहे, लांडग्याचे रूप घेणारा माणूस. मग लोक लांडग्याचा शोध सोडून अनोळखी माणसांचा शोध घेऊ लागले आणि निरपराध वाटसरू जमावाच्या हाती मेले. खुद्द महाराष्ट्रात, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, असा निरोप फोनवरून फिरत होता. ती पाच माणसे सोलापूरकडची, गरीब आणि परकी, एवढाच त्यांचा अपराध. मराठीत लांडगेतोड असा एक शब्द आहे. अनेकांनी मिळून एकाचे लचके तोडणे, असा त्याचा अर्थ. कथेत एक माणूस लांडगा होतो. अफवेत सबंध गाव होते.

गेल्या सुट्टीत आम्ही दुबईला भाच्याकडे गेलो होतो. आपल्या बेटावरची पुष्कळ तरुण मुले हल्ली तिकडे नोकरीला आहेत. भाचा राहतो अल क्वोजमध्ये. शेख झायेद रस्ता आणि अल खैल रस्ता यांच्यामधला हा भाग गोदामांचा, गॅरेजांचा, कारखान्यांचा आणि कामगारांच्या खोल्यांचा. तिथल्याच अलसरकाल अव्हेन्यूत गोदामांची आता चित्रदालने झाली आहेत, आणि सिनेमा अकील नावाचे एक लहानसे चित्रपटगृह २०१८ पासून चालते. संध्याकाळी भाच्याच्या खोलीवर त्याचे सोबती जमले. बोलता बोलता भेडियाचा विषय निघाला आणि प्रत्येकाने आपल्या गावचा एकेक काढला. केरळच्या पालक्काडचा एक जण ओडियनविषयी सांगू लागला. ओडियन म्हणजे रात्री बैल किंवा कुत्रा होणारा माणूस. पण हा संशय नेहमी खालच्या मानलेल्या जातींवरच यायचा, असेही तो म्हणाला. बांगलादेशाचा एक जण रात्री नाव घेऊन हाक मारणाऱ्या निशीविषयी बोलला. या देशाची स्वतःची उम्म दुवैस आहे, सुगंध लावून पुरुषांना भुलविणारी, विळ्यासारख्या हातांची, असे कोणी सांगितले. आम्ही तूनी मिनवी सांगितला. सगळे हसले.

तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, इथे आम्ही सगळेच रात्रपाळीचे. आपापल्या गावात रात्री दोन वाजता रस्त्याने चाललो तर लोक काठी घेऊन येतील. इथे बसमधून उतरतो, झोपतो, कोणी विचारत नाही."

त्या बोलण्याने आम्ही विचारात पडलो. त्या खोलीत सात-आठ मुलखांची माणसे होती आणि सगळीच परकी होती. म्हणून कोणी कोणाला भीत नव्हता. राक्षसाला रूप बदलायला गाव लागते, आणि गावाबाहेरचा एक माणूस लागतो.

गावाबाहेरची ती माणसे एके काळी आपणच होतो. रत्नागिरी-सातारकडून मुंबई बंदरात येऊन इथे उतरलेले आपले पूर्वज करार संपल्यावरही मोकळे नव्हते. १८६७ च्या कायद्याने जुन्या गिरमिटियांना छायाचित्र लावलेला पास जवळ बाळगावा लागे. पास घरी राहिला, की पोलीस भटक्या म्हणून पकडून नेत. या मोहिमांना त्या काळी शिकारीच म्हणत. अखेर १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ यांनी मजुरांच्या वतीने अर्ज केला आणि चौकशीसाठी रॉयल कमिशन आले. ज्यांच्या पणजोबांची रस्त्यावर शिकार झाली, त्यांनी तरी अनोळखी माणसावर काठी उगारण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. मुलांना भेडिया पाहू द्या. घाबरू द्या, भीती ही वाईट शिक्षिका नव्हे. पण पडदा बंद झाल्यावर त्यांना लांडगा, वेताळ, मुंजा हे शब्द मराठीत सांगा. आजी असेल तर तिला तूनी मिनवीची हकीकत सांगायला लावा, आणि शेवटी काय झाले हेही तिच्याच तोंडून ऐकवा: वीज आली आणि तो गेला. फोनवर एखादा भयंकर निरोप आला, तर पुढे पाठविण्याआधी तीन प्रश्न विचारायची सवय लावा. कोणी पाहिले? कोठे पाहिले? केव्हा पाहिले? 'लोक म्हणतात' हे उत्तर चालणार नाही, असे घरातच ठरवून टाका. आमच्या वर्गात हा नियम आहे, आणि दहा वर्षांची मुले तो मोठ्यांपेक्षा चांगला पाळतात.

पुढचे वादळ येणार, तारा पुन्हा तुटणार, काळोखही होणार. त्या रात्री कोणी दार ठोठावले, तर आपल्या मुलाने आधी कंदील वर करून चेहरा पाहावा आणि "कोण आहे?" असे विचारावे. काठी कोपऱ्यात राहिली तरी चालेल.