नावं उचलावीत, पण बेतानं

पक्ष्यांचं एक पुस्तक हाताशी नसतं, तर जेम्स बाँडचं नाव दुसरंच काही असतं. १९५२ साली जमैकातल्या घरी इयान फ्लेमिंग पहिली कादंबरी लिहायला बसला. गुप्तहेराला त्याला अगदी सपक, नजरेत न भरणारं नाव हवं होतं. वेस्ट इंडीजमधले पक्षी ओळखायला तो जे पुस्तक चाळायचा, त्याच्या लेखकाचं नाव होतं जेम्स बाँड. फ्लेमिंगनं ते सरळ उचललं. फिलाडेल्फियाच्या त्या पक्षिशास्त्रज्ञाला याचा पत्ता लागला बऱ्याच वर्षांनी.

पी. जी. वुडहाऊसला नाव सापडलं क्रिकेटच्या मैदानावर. १९१३ मध्ये चेल्टनहॅमला त्यानं वॉरविकशायरचा पर्सी जीव्ज खेळताना पाहिला. पुढे बर्टी वूस्टरच्या हुशार नोकराला नाव देताना त्याला तोच आठवला. पर्सी १९१६ साली सोमच्या लढाईत मारला गेला.

बेतून काढलेल्या नावाला इस्त्रीची घडी असते. वापरातलं नाव आपल्याबरोबर थोडी धूळ घेऊन येतं आणि पात्र त्या धुळीनंच खरं वाटू लागतं.

मात्र उचलेगिरीत अन्यायही होतो. बारा वर्षांच्या डिकन्सला बूटपॉलिशच्या कारखान्यात पाठवलं, तेव्हा पॉलिशच्या बरण्यांवर दोरी कशी बांधायची हे बॉब फॅगिन नावाच्या मुलानं त्याला शिकवलं. एकदा डिकन्सच्या बरगडीत कळ उठली, तर बॉबनं रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून अर्धा दिवस त्याला शेकलं. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये पोरांना चोऱ्या शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला डिकन्सनं नाव दिलं फॅगिन! लंडनचे वास्तुविशारद एर्नो गोल्डफिंगर मात्र गप्प बसले नाहीत. १९५९ साली फ्लेमिंगच्या खलनायकाला आपलं आडनाव मिळालेलं पाहून त्यांनी थेट वकील गाठला.

मराठी लेखकाला तर नावांचा तोटाच नाही. दहातोंडे, आगलावे, सातपुते, कडू ही खरी आडनावं आहेत. शिवाय गावाला ‘कर’ जोडला की नवं आडनाव तयार. एसटीच्या पाटीवरचं ‘तळेगाव ढमढेरे’ वाचलं, तरी त्यातले ढमढेरे धोतराचा सोगा सावरत फलाटावर उभे राहतात. ‘व्यक्ती आणि वल्ली’तला सखाराम गटणे दुसऱ्या आडनावानं उभाच राहिला नसता. असं असताना मालिकांतल्या वाड्यांमध्ये तेच ते इनामदार आणि सरदेशमुख का नांदावेत?

लेखकांनी मतदारयादी वाचावी, लग्नपत्रिकेतली ‘आपले नम्र’खालची नावं पाहावीत, तासभर एसटी स्थानकावर बसावं. फक्त नाव एकाचं घ्यावं, आडनाव दुसऱ्याचं. आणि पात्र खलनायकाचं असेल, तर ज्यानं कधी आपल्याला शेकलं असेल त्याला तेवढं वगळावं.