पाला उडवू नका, कुजवा

शिरोळमधल्या बंगल्यांत आता पाला उडवणारे ब्लोअर दिसू लागलेत. फरशीवरचा, पन्हळीत अडकलेला पाला काढायला चार्जिंगचा छोटा ब्लोअर मलाही पटतो. पेट्रोलचा मात्र नको. त्याच्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलही जळतं आणि थोडं इंधन न जळताच धुराबरोबर बाहेर पडतं. कॅलिफोर्नियाने 2024 पासून तयार होणाऱ्या अशा यंत्रांची विक्री कायद्याने बंद केली, ती उगीच नाही.

आपली अंगणं मातीची. चैत्रात ब्लोअर लावला की पाल्याआधी फुफाटाच उठतो आणि शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर बसतो. मग पाल्याचा ढीग रस्त्याकडेला पेटतो. हे मला सहन होत नाही. आपल्याकडचे जाणते ऊसकरी खोडव्याचं पाचट पेटवत नाहीत. सरीत पसरून, युरिया-सुपर फॉस्फेट टाकून कुजवतात. क्षारपड जमिनीने गांजलेल्या या तालुक्याला सेंद्रिय कर्बाचं मोल वेगळं सांगायला नको. मग दारच्या आंब्या-चिकूचा पालाच का जाळायचा? खराट्याने ओढा, आळ्यात पसरा, वर शेणकाला शिंपडा.

ब्लोअर घ्यायचाच तर बॅटरीचा घ्या, फरशीपुरताच वापरा. आणि सुरू करण्याआधी शेजारी काय वाळत घातलंय, तेवढं विचारा.