सबमिटचं बटण आणि अमानत

शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आले की रहिमतपुरातल्या आमच्या मोहल्ल्यातली मुलं मोबाईल घेऊन माझ्याकडे येतात. वेबसाइट बनवणं हा माझा धंदा. गेल्या वर्षी एका मुलीने उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, पासबुक सगळं अपलोड करून ‘अंतिम सबमिट’ दाबलं. गोल चक्र फिरलं, थांबलं. “चाचा, गेला वाटतं फॉर्म.” मुदत संपल्यावर कळलं, अर्ज नुसता ‘जतन’ होऊन पडला होता. सगळे म्हणाले, पोरीलाच भरता आला नाही.

मला हे मान्य नाही. साध्या फॉर्ममध्ये ‘जतन’ दाबलं की ‘सबमिट’, हे ब्राउझर स्वतःच सर्व्हरला कळवतो. पण पान न बदलता, एजॅक्सने फाइली पाठवताना प्रोग्रामर ‘फॉर्मडेटा’ वापरतो. त्यात दाबलेल्या बटणाचं नाव आपोआप येत नाही, ते मुद्दाम जोडावं लागतं. विसरलं की सर्व्हर आपल्या मनाने ठरवतो: नुसतं जतन करायचं असेल.

फाइलींचीही तीच गत. मल्टिपार्ट पद्धतीत मजकूर आणि फाइली यांच्यामध्ये एक सीमाखूण असते. प्रोग्रामरने कंटेंट-टाइप हाताने लिहिला की ती खूण सर्व्हरला कळत नाही. पीएचपीत अर्जाचं एकूण वजन मर्यादेबाहेर गेलं (बदलली नसेल तर 8 एमबी), की प्रोग्रामच्या हाती कोरा अर्ज येतो. ऑफिसच्या वेगवान नेटवर छोटी फाइल टाकून तपासणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

उपाय महागडे नाहीत. बटणाचं नाव आलं नाही तर सर्व्हरने अंदाज बांधू नये, चूक दाखवावी. पाठवणं सुरू असताना बटण बंद ठेवावं, अडलं तर कारण मराठीत सांगून पुन्हा सुरू करावं. अर्ज पोचला तरच क्रमांक द्यावा.

मुलांनो, तुम्हीही क्रमांक मिळाल्याशिवाय अर्ज गेला असं समजू नका. पुन्हा लॉगिन करून स्थिती बघा, तिचा स्क्रीनशॉट ठेवा.

पण मोठी जबाबदारी आम्हा बनवणाऱ्यांची. आपण ज्याला अमानत म्हणतो, ती फक्त पैशाची नसते. दाखल्यासाठी बापाने बुडवलेली दिवसाची मजुरीही त्या अर्जासोबत आमच्या हाती आलेली असते.